वन्संच्या हातची आरास

हेवा करायचा तर माणूस तरी तोलामोलाचं बघावं, असं माझी आई म्हणायची. श्रीमंत बहिणीचा करावा, देखण्या जावेचा करावा. मी केला तो माझ्या विधवा नणंदेचा. तिला नवरा राहिला नव्हता, मूल नव्हतं, स्वतःचं म्हणावं असं छप्पर नव्हतं. माझ्याजवळ तिन्ही होतं. तरी आठ-नऊ महिने मी तिच्यावर जळत होते, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून गोड बोलत होते.

लढाईचे दिवस होते. श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात हे उसाच्या काट्यावर कारकून होते. बैलगाड्या काट्यावर चढायच्या, हे वजन लिहून घ्यायचे. राहायला कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या. पुढची बसाउठायची, मागचं स्वयंपाकघर. सगळ्या खोल्या एका साच्यातल्या, दारं एकाच हिरव्या रंगाची, भिंतींना एकच पिवळट चुना. नवखा पाहुणा हमखास भलत्याच घरात शिरायचा. म्हणून प्रत्येक बाई आपलं घर वेगळं दिसावं यासाठी काही ना काही करायची. कुणी उंबऱ्यावर गेरूची नक्षी काढायची, कुणी तुळशीला डब्याचं वृंदावन करायची. माझ्या दारावर माहेरून आणलेलं मण्यांचं तोरण होतं. ‘ते तोरणाचं घर’ असं लोक सांगायचे, आणि मला ते पुरे होतं.

पावसाळा संपता संपता सासरे वन्संना घेऊन आले. वन्सं माझ्याच वयाच्या, बाविशीतल्या. विषमज्वरानं त्यांचे यजमान गेले त्याला वर्ष होत आलं होतं.

“दोन-चार महिने राहू दे इथं. लहान मूल आहे घरात, तिचा जीव रमेल,” सासरे म्हणाले.

वन्संनी एक ट्रंक आणली होती. मी ती उचलून आत ठेवली तेव्हा वाटलं, लुगडी फारशी नसणार, मग एवढी जड कशी? त्यात जुन्या लुगड्यांचे कापलेले काठ होते, रंगीत दोऱ्यांच्या गुंड्या होत्या, कात्र्या, चिमटे, दाभण, सिगारेटच्या पाकिटातले चांदीचे कागद घडी करून ठेवलेले. मला हसू आलं. बिचारीला विरंगुळा आहे, बरं झालं, असंही वाटलं. तोवर मी भली होते.

पहिले काही दिवस वन्सं गप्प होत्या. भांडी-धुणं आटोपलं की मागच्या दारात बसायच्या. मग एक दिवस त्यांनी यांना विचारलं, “दादा, कचेरीतली रद्दी मिळेल का रे?”

यांनी गठ्ठाच आणला. वन्संनी तो फाडून हंड्यात भिजत घातला. आठवडाभर स्वयंपाकघरात असा वास सुटला की मी नाकाला पदर लावून पोळ्या लाटल्या. मग तो लगदा त्यांनी उखळात कुटला, त्यात मेथीची पूड घातली आणि पालथ्या पातेल्यावर थापून वाळवला. वाळल्यावर सुटून आली ती एक सुरेख टोपली. तिला आतून हळदीचा रंग, बाहेरून गेरूचा, आणि काठावर निळीची नागमोडी रेघ.

“मेथी कशाला घातलीत?” मी विचारलं.

“कीड लागत नाही वहिनी. कडू असतं ना.”

आठवड्याभरात चाळीतल्या चार बाया टोपली बघून गेल्या. मी प्रत्येकीला चहा केला. टोपलीबद्दल त्या बोलत होत्या वन्संशी, आणि कपबशा विसळत होते मी. हेव्याची पहिली कळ मला त्या मोरीपाशी आली, हे अजून आठवतं.

त्यानंतर घर बदलतच गेलं. साखरेच्या पोत्याचं फाटकं बारदान यांनी आणून दिलं, तर त्यावर वन्संनी काठांचे धागे उसवून मोर भरला आणि त्याचं आसन केलं. थंडीत उसाला तुरे आले तेव्हा मळ्याकडून पाच-सहा आणवून ते फुटक्या बरणीत उभे केले. बरणीला चिकणमाती लिंपून वर भोपळ्याच्या बियांची फुलं चिकटवली. रोज डोळ्यांसमोर शेकडो गाड्या ऊस जात होता, पण तुरा घरात ठेवावा हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. हे कामावरून आले, बरणीसमोर थांबले आणि म्हणाले, “अरे वा! आपलं घर आहे का हे?”

चार वर्षं मी हेच घर सारवत, पुसत, आवरत होते. एवढ्या चार वर्षांत त्यांनी ‘अरे वा’ म्हटल्याचं मला आठवेना.

आमची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची. ती उठल्यापासून आत्याच्या मांडीवर. खळ लावायला, बिया वेचायला, दोरा धरायला. “आई, तू नको, आत्या वेणी घालेल,” असं ती एकदा म्हणाली. मी तिच्या हातातली फणी काढून घेतली आणि ओढून ओढून वेणी घातली. ती रडली. वन्सं स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

मग आला तो पडदा.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला वन्संनी सांगितलं होतं की फुटक्या बांगड्या कुणाच्याही असोत, टाकू नका, मला आणून द्या. तिनं चाळीतून, ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून, बाजारातल्या कासाराकडून अशा करत पाटीभर काचा जमवल्या. हिरव्या, लाल, आमसुली, काही सोनेरी ठिपक्यांच्या. वन्संनी त्या रंगावारी लावल्या. रॉकेलची चिमणी पेटवायची, काचेचा तुकडा चिमट्यात धरून आधी आचेच्या कडेला, मग मधोमध न्यायचा. काच लाल होऊन मऊ झाली की दुसऱ्या चिमट्यानं टोकं वाकवून जुळवायची. झालं एक कडं. दुसरं वाकवताना पहिल्यात ओवायचं. अशी कड्यात कडं गुंतवत साखळ्या करायच्या आणि साखळ्या शेजारी शेजारी बांधून पडदा.

वन्संच्या स्वतःच्या हातात बांगडी नव्हती. त्या मोकळ्या मनगटांखाली साऱ्या गावच्या बांगड्या पसरलेल्या असायच्या. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. मला दिसत होतं ते रॉकेल.

“रेशनवर बाटलीभर मिळतं,” मी एकदा यांना म्हटलं, वन्संना ऐकू जाईल अशा बेतानं. “ते असं काचा भाजण्यात गेलं तर महिनाअखेर अंधारात जेवायचं का?”

हे जरा विचारात पडले. मग म्हणाले, “मी संध्याकाळी वाचत बसतो तेवढ्याचं रॉकेल तिला दे. वर्तमानपत्र काय, मी दुपारच्या सुट्टीत वाचीन.”

यांना वाचनाचं केवढं वेड होतं, ते मला माहीत. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, दिवा लवकर मालवा, डोळे दुखतात माझे, तर उठून पडवीत जाऊन वाचत बसले होते. बहिणीसाठी मात्र एका वाक्यात दिवा सोडला. त्या दिवशी मी जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगितलं. कसला, ते कुणी विचारलं नाही.

पडदा पुरा व्हायला तीन महिने लागले. तो वन्संनी पुढच्या आणि मागच्या खोलीमधल्या दारावर लावला. सकाळी उन्हाची तिरीप आली की समोरच्या भिंतीवर हिरवे-तांबडे डाग हलायचे आणि मुलगी ते पकडायला धावायची. वाऱ्यानं बारीक किणकिण व्हायची. बायका काय, पुरुषसुद्धा काहीतरी निमित्त काढून बघायला येऊ लागले. भांडीवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “वैनीसाब, लई ब्येस केलंय हो नणंदबाईंनी. देवळात बी न्हाई असलं.”

पुढच्याच आठवड्यात एक पाहुणे पत्ता विचारत आले. चाळीच्या टोकाला कुणीतरी त्यांना सांगताना मी ऐकलं, “ते बघा, काचेच्या पडद्याचं घर.”

चैत्र आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू मी दर वर्षी करायचे, साधंच. देव्हाऱ्यातली गौर झोपाळ्यात बसवायची, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. त्या वर्षी वन्सं म्हणाल्या, “वहिनी, आरास मी करू? हळदीकुंकवाच्या आधी सगळं मांडून देते.” ‘आधी’ त्यांनी का म्हटलं ते आम्हा दोघींना कळत होतं. विधवेनं हळदीकुंकवात पुढं यायची तेव्हा रीत नव्हती, आणि ती मोडायची मला काही घाई नव्हती.

दोन दिवस त्या राबल्या. खोक्यांच्या पायऱ्या केल्या, त्यावर माझी ठेवणीतली लुगडी अंथरली. ज्वारीच्या धांड्याचं पांढरं भेंड काढून त्याचं शिखरासकट देऊळ उभं केलं. आरशाचं तळं, तळ्याकाठी भाजणीच्या पिठाची बदकं, चांदीच्या कागदाची कमळं. कलिंगड कोरून कमळासारखं उमलवलं. काचेचा पडदा दारावरून काढून गौरीच्या मागं टांगला आणि त्याच्यामागं दोन समया लावल्या. सगळं झाल्यावर हात धुऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून घेतलं.

बायका आल्या. चाळीतल्या तर आल्याच, पण कधी न येणाऱ्या बंगल्यावरच्या बाईही आल्या. त्यांचे यजमान कारखान्यात मोठे इंजिनियर, बाई पुण्याच्या, शिकलेल्या, चष्मा लावणाऱ्या. त्या आराशीसमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

“हे सगळं कुणी केलं हो?”

चाळीतल्या बाया तेव्हा डाळ खाण्यात आणि एकमेकींशी बोलण्यात गुंतल्या होत्या. माझ्या जवळ कुणी नव्हतं. मी म्हटलं, “मीच. घरच्या घरी आपलं, टाकाऊतून.”

“हा काचेचा पडदासुद्धा?”

“हो.”

हे मी किती सहज म्हटलं, याचं मला आजही नवल वाटतं. जीभ अडखळली नाही की घाम फुटला नाही. उलट अंगावरून मोरपीस फिरावं तसं सुख झालं.

“मग येत्या शनिवारी दुपारी आमच्याकडे या,” बाई म्हणाल्या. “सात-आठ जणींना बोलावते. आम्हाला काच वाकवून दाखवा. याल ना नक्की?”

नाही म्हणायला वाट नव्हती. सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार उघडलं. वन्सं मुलीला डाळ भरवत होत्या. दार लाकडाचं, पातळ. पलीकडचं बोलणं सगळं ऐकू यायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “शनिवारच्या आत हात बसायचा तर रोज दुपारी बसावं लागेल, वहिनी. उद्यापासून बसू या?”

मी मान हलवली. माफी मागायचं सुचलं नाही असं नाही. सुचलं आणि मी गिळलं.

त्या चार दुपारी मी कधी विसरणार नाही. वन्सं माझ्या शेजारी बसून शिकवायच्या. “एकदम ज्योतीत नका नेऊ, तडकते. आधी कडेला ऊब द्या. आता मध्ये घ्या. थांबा. थांबा. हं, आता वाकवा.” त्यांचा आवाज मुलीला बाराखडी शिकवताना असायचा तसाच. एकही टोमणा नाही. माझी काच तडकायची, नाहीतर एकदम लोळागोळा व्हायची. बोटांना चटके बसायचे. त्यांची कडी गोल, माझी वाटाण्याच्या शेंगेसारखी. चौथ्या दिवशी अकरा कड्यांची एक साखळी झाली, तीही वाकडी.

“पुष्कळ झालं,” वन्सं म्हणाल्या. मला वाटलं, या मनात हसत असणार. त्या हसत नव्हत्या, हे मला दिसत होतं, पण त्यांनी हसावं असंच मला हवं होतं.

शनिवारी चिमणी, दोन चिमटे आणि काचांची पुरचुंडी घेऊन मी बंगल्यावर गेले. व्हरांड्यात सतरंजीवर आठ बायका गोल करून बसलेल्या. मी चिमणी पेटवली. पहिली काच तडकली आणि तुकडा उडून एकीच्या मांडीवर पडला. दुसरी तडकली. तिसरी वाकली, पण टोकं जुळेनात. बायका आधी उत्सुक, मग अवघडलेल्या. चौथ्या वेळी तापलेला चिमटा बोटाला लागला, आणि कळ मस्तकात गेली तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, “हे माझ्या वन्संना जमतं हो, मला नाही!”

इंजिनियरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे पडदा त्यांनी केला?”

“हो.”

“आणि आरास?”

“तीही.”

“मग त्यांना का नाही आणलंत?”

“त्या कुठं जात-येत नाहीत. त्यांचे यजमान...”

“मी काय हळदीकुंकवाला बोलावलं होतं?” बाई म्हणाल्या. “काच वाकवायला बोलावलं होतं.” आणि त्यांनी गाडीवानाला आमच्या घरी पिटाळलं.

अर्ध्या तासानं वन्सं आल्या. साधं पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, मुलगी कडेवर. व्हरांड्याच्या पायरीशी थबकल्या. बाईंनी हाताला धरून वर घेतलं. माझ्या समोरची चिमणी वन्संनी आपल्याकडे ओढली, वात जरा खाली केली आणि काच धरली. एक कडं, दुसरं, तिसरं. आठही बायका पुढं सरकल्या. मुलगी मोठ्यांदा सांगत होती, “आता लाल होईल, आता वळेल!” मी मागं खांबाला टेकून भाजलेलं बोट फुंकत बसले. तासापूर्वी त्या गोलाच्या मधोमध मी होते. खोटं उघडं पडल्याची लाज मला वाटायला हवी होती, आणि ती थोडी होतीही. पण तिच्यापेक्षा जास्त मला वाटत होतं की या बाईला निदान एकदा तरी चटका बसावा.

बसला नाही.

महिन्याभरानं त्याच बाईंनी यांना बोलावून घेतलं. नगरच्या एका मुलींच्या शाळेत त्यांची मैत्रीण होती. शिवण आणि हस्तकाम शिकवायला बाई हवी होती. वन्संची मराठी सातवी झालेली. आधी वर्षभर शिकून घ्यायचं, राहायची सोय होईल, मग नोकरी. हे घरी आले ते गोंधळलेले. सासऱ्यांना काय वाटेल, लोक काय म्हणतील.

“तुझं काय मत?” त्यांनी मला विचारलं.

“जाऊ द्या त्यांना,” मी इतक्या झटकन म्हणाले की हे बघतच राहिले. “मामंजींना मी पत्र लिहिते.”

आणि लिहिलं. असं लिहिलं की सासरे विरघळले. त्यांचं उत्तर आलं: सुनेनं मनाचा मोठेपणा दाखवला. चाळीत माझं नाव झालं. भावजय असावी तर अशी, असं बाया म्हणाल्या. मला फक्त माझं घर परत हवं होतं, हे मी कुणाला सांगणार?

वन्सं निघाल्या त्या दिवशी मुलगी गाडीमागं धावली. वन्सं मला म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही पत्र लिहिलं नसतं तर झालं नसतं.” त्यांना खरं कारण माहीत होतं की नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही.

त्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी पडदा काढून माझ्या ट्रंकेत ठेवला. धूळ बसते म्हणून, असं सांगितलं. आसन गुंडाळलं. टोपलीत लसूण भरला. मग मी स्वतः कामाला लागले. बारदान घेतलं, धागे घेतले आणि दोन महिने खपून त्यावर पोपट भरला. तो भिंतीवर लावला आणि यांची वाट बघत बसले. हे आले, बूट काढता काढता वर बघितलं आणि खरोखर मनापासून म्हणाले, “घार छान झालीय हं.”

मी हसले की रडले, आठवत नाही. पोपट मात्र काढला नाही. चार वर्षं तो घार म्हणूनच भिंतीवर राहिला.

नगरहून पत्रं यायची. मुलींनी काय केलं, प्रदर्शनात काय ठेवलं, एका मुलीनं काथ्याची केवढी सुंदर परडी केली. पहिल्या पगारातून त्यांनी भाचीला फ्रॉकचं कापड पाठवलं, आणि मला एक चिमट्यांची जोडी. नवी कोरी, बारीक टोकांची. मी ती कोनाड्यात मागं सारून ठेवली.

लढाई संपल्यावर एकदा नगरला माहेरच्या कुणाच्या तरी लग्नाला गेले, तेव्हा मुलीनं हट्टच धरला म्हणून वन्संकडे गेलो. माळीवाड्यात एका घराच्या माडीवर त्यांची खोली होती. जिना चढताना मी मनाची तयारी केली. पडदे असतील, तोरणं असतील, भिंत दिसणार नाही. वर जाऊन पाहिलं तर खोलीत काहीच नव्हतं. पांढऱ्या भिंती, एक सतरंजी, स्टो, दोन भांडी, पुस्तकांचा एक लहान ढीग, आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी.

“हे काय वन्सं? काही लावलं नाहीत?”

त्या हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

“दिवसभर शाळेत तेच की वहिनी. घरी आले की नुसतं बसते. बरं वाटतं. तुमच्याकडे होते तेव्हा रिकामं बसायची भीती वाटायची. फुकट जेवते असं नको कुणाला वाटायला.”

त्यांनी स्टोवर पिठलं टाकलं. मुलगी खिडकीत बसून टांगे मोजू लागली. वन्संनी पानं घेतली, तीही जमिनीवर, पाट नाहीत, रांगोळी नाही. जेवताना त्यांना कुणी हाक मारत नव्हतं, कुणाला वाढायचं नव्हतं, कुणाच्या येण्याची वेळ होत नव्हती. त्या सावकाश जेवत होत्या. मी माझ्या सवयीनं भराभर संपवलं आणि त्यांच्या जेवणाकडे बघत बसले. त्यांच्या टोपलीचा, पडद्याचा, कौतुकाचा केला नव्हता इतका हेवा मी त्या दुपारी त्या उघड्या भिंतींचा केला.

परतताना गाडीत मुलगी झोपून गेली. घरी पोचल्यावर यांनी विचारलं, “कशी आहे ती? घर कसं लावलंय?”

“खोली आहे एक,” मी म्हटलं. “उजेड चांगला येतो.” आणि चुलीकडे वळले, कारण यांची जेवायची वेळ झाली होती.